हप्ता श्यामकांतच्या पगारातून

गुरुवार, २ फेब्रुवारी १९८४. भांडुप. सकाळी ९.१५.

जे घडलं ते, क्रमाने:

१. पंपाच्या बॉडीच्या ड्रॉइंगमध्ये बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ६२ मिलिमीटरऐवजी ६५ लिहिला गेला. ड्रॉइंग श्यामकांत साळगावकरने काढलं. तो शेजारच्या टेबलावर बसतो.

२. त्या मापाने वर्कशॉपमध्ये चाळीस बॉडी तयार झाल्या. चाळीसही भंगारात.

३. 'तपासले'च्या रकान्यात सही माझी होती. ड्रॉइंग मी पाहिलं नव्हतं. कोऱ्या शीटांवर सह्या मी महिन्याच्या सुरुवातीलाच करून ठेवते, वेळ वाचतो. पद्धत माझी आहे आणि पद्धत म्हणून निर्दोष आहे.

४. मालकांनी दोघांना आत बोलावलं. श्यामकांत एक शब्द बोलला नाही. पेपरवेट फिरवत होता.

५. मला एक महिन्याचा पगार देऊन कमी केलं.

मला राग आलेला नाही. श्यामकांतला मी सोडणार नाही, पण ते रागाने नाही.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी.

घरची परिस्थिती. बाबांची गिरणी संपापासून बंद. नंदू बारावीला. कमावती मी एकटी होते. देणं: ऑफिसच्या पतपेढीचं पाच हजारांचं कर्ज. संपात थकलेली वाण्याची उधारी फेडायला काढलं होतं. हप्ता २१०, दर सात तारखेला. जामीनदार दोन. एक श्यामकांत (तेव्हा बोलणं होतं), दुसरे ऑफिसात ड्रॉइंगच्या अमोनिया प्रिंट काढणारे धोंडिराम, नावापुरते.

काटकसर योजना तयार केली. खर्च तीस टक्क्यांनी खाली आणणार. ग्राफ पेपर आणला, साडेतीन रुपये. हा भांडवली खर्च, योजनेत धरलेला नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी.

योजना घरात वाचून दाखवली. चहा बिनसाखरेचा. मासे बंद. साठचा बल्ब काढून चाळीसचा. बाबांचा गिरणीच्या गेटवर जायचा लोकलचा पास बंद.

बाबा म्हणाले, गेटवर नाही गेलो तर गिरणी उघडल्याचं मला कोण सांगणार, तुझा ग्राफ? नंदू म्हणाला, ताई, चाळीसच्या उजेडात फिजिक्स दिसत नाही यार. मी म्हटलं, पाठ कर. तो म्हणाला, नोकरी तुझी गेली, वाट आमची लागली. याची नोंद केली.

आई काही बोलली नाही. आईचा पाठिंबा गृहीत धरला.

संध्याकाळी जेवणात बांगडे. विचारल्यावर आई म्हणाली, बांगडे सवंग झालेत गो, खावचे नाय तर काय नुसते बघीत रवाचे? दोन खाल्ले. उद्यापासून योजना.

सोमवार, १३ फेब्रुवारी.

पवईला एका कंपनीत मुलाखत. उत्तम झाली. साहेबांच्या मागे भिंतीवर त्यांच्या पहिल्या मशीनचं ड्रॉइंग फ्रेम करून लावलं होतं. त्यातल्या तीन चुका मी दाखवल्या. साहेब म्हणाले, ते मी स्वतः काढलंय. मी म्हटलं, लक्षात आलं. कळवतो म्हणाले.

यायला-जायला रिक्षा केली. बस घेतली असती तर उशीर झाला असता आणि नोकरी गेली असती.

बुधवार, २९ फेब्रुवारी. दुपारी ३.००.

पवईहून काही नाही. घाटकोपरच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं, पगार सहाशे. मला साडेसातशे होता. गेले नाही. खाली उतरले तर श्यामकांतला आनंद होईल.

एक महत्त्वाची गोष्ट सुचली. कर्जदाराने हप्ता भरला नाही तर पतपेढी जामीनदाराच्या पगारातून कापते. हप्त्याचे २१० मी बाजूला ठेवले आहेत. भरणार नाही. एक महिना नाही, कर्ज फिटेपर्यंत. श्यामकांतने माझी नोकरी घालवली, आता माझं कर्ज फेडू दे. शांतपणे, नियमाच्या आत, एकही वाईट शब्द न बोलता.

खूप दिवसांनी भूक लागली.

शनिवार, ३ मार्च.

बाजूला ठेवलेल्या पैशांतून वकिलांना दोनशे दिले. कंपनीला नोटीस: पंधरा दिवसांत लेखी माफी आणि सन्मानाने परत कामावर. उरले दहा. वकील म्हणाले, केस आहे की नाही ते सांगता येत नाही, पण नोटिशीची भाषा चांगली आहे. भाषा माझी होती.

बुधवार, ७ मार्च. संध्याकाळी ६.१०.

आत्ता त्याने पगाराचं पाकीट उघडलं असेल. मोजलं असेल. परत मोजलं असेल. पतपेढीच्या सेक्रेटरीकडे गेला असेल, दोनशे दहा कसले, म्हणून. सेक्रेटरीने माझं नाव सांगितलं असेल. मग पेपरवेट शोधत बसला असेल.

आईला म्हटलं, आज साखर घालून चहा कर. आई म्हणाली, रोजच घालतंय.

सोमवार, १२ मार्च.

आईने चार किलो सुक्या मिरच्या आणल्या. अक्षम्य. विचारलं तर म्हणाली, मसाल्याचे दिवस इले. घरात चार माणसं, चार किलो मिरची. योजनेचा गळा घरातूनच आवळला जातोय. दिवसभर खोकला.

गुरुवार, २२ मार्च.

कंपनीचं उत्तर आलं. कोरं लेटरहेड, सोबत त्या ड्रॉइंगची प्रिंट. माझ्या सहीभोवती लाल वर्तुळ. सही अगदी स्पष्ट आली आहे. प्रिंट धोंडिरामनी काढली असणार. हातात कसब आहे.

हे उत्तर म्हणजे घाबरल्याचं लक्षण.

रविवार, २५ मार्च.

आनंदाची गोष्ट. घरखर्चाला मी देत असलेली रक्कम या महिन्यात एकतीस टक्क्यांनी कमी झाली. तीसचं उद्दिष्ट होतं. ग्राफ भिंतीला लावला. नंदूने बघितला आणि म्हणाला, ताई, आई सगळ्या चाळीला मसाला विकते, माहीत आहे ना तुला? मी म्हटलं, ग्राफमध्ये कारणं नसतात, आकडे असतात.

शनिवार, ७ एप्रिल. संध्याकाळी ६.१०.

दुसरा हप्ता. आता त्याला सवय लागली असेल, म्हणजे जास्त दुखत असेल. त्याच्या मोटरसायकलचं पेट्रोल किती महिन्यांचं होतं याचा हिशेब केला. चालत जाऊ दे.

रविवार, ८ एप्रिल.

सकाळी अकराला धोंडिराम आले. पहिल्यांदाच. घाटकोपरहून. इस्त्रीचा शर्ट, दारात चप्पल काढून उभे. मला बरं वाटलं. ऑफिसची खबर आणली असणार.

आईने खुर्ची दिली, चहा दिला. आई म्हणाली, चौदा तारखेची जयंती आली भाऊ, घरात कपडे झाले असतील सगळ्यांचे. ते म्हणाले, यंदा जुनेच इस्त्री करून घालायचे, वहिनी.

मी सरळ विचारलं, साळगावकरांच्या पगारातून दर महिन्याला कापतात ना? ते म्हणाले, कापतात की. तुम्ही त्या दिवशी बाहेर पडलात ना बाई, मागनं ते मालकांना बोलले, माप मी चुकलो. मालक म्हणाले, मग भंगाराचे तुम्ही भरा. शंभर-शंभर चालूय. मोटरसायकल विकली. संध्याकाळी बाहेरचं ट्रेसिंग करत बसतात.

मी म्हटलं, ते नाही. माझा हप्ता.

धोंडिराम कपाकडे बघत म्हणाले, तो माझ्यातनं, बाई. कर्जाच्या फॉर्मवर पहिली सही माझी. पहिल्याकडनं घेतात. माझ्याकडनं निघेना झालं तर दुसऱ्याकडं जातात, तसं मागं छापलंय.

फॉर्मच्या मागे काय छापलंय ते मी वाचलं नव्हतं.

मग हळूच म्हणाले, पोरीचा, राधाचा, नर्सिंगचा फॉर्म भरायचाय, मुदत तीस तारखेपर्यंत. दोन महिन्यांचे मिळून चारशेवीस होतात. अर्धे जमले तरी बघा. नाही जमलं तर राहू द्या. तुमचीही नोकरी गेली, मला कळतंय.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, अनू, ह्या काय केलंस गो?

मग आत गेली आणि मसाल्याच्या डब्यातून नोटा काढून आणल्या. एकशेवीस. नोटांना हळद लागली होती. धोंडिराम नको नको म्हणाले, आईने त्यांच्या खिशात कोंबल्या. बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. मी बसून होते.

सोमवार, ९ एप्रिल.

ग्राफ भिंतीवरून काढला. नंदूने मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं केली.

बुधवार, ११ एप्रिल.

घाटकोपरच्या वर्कशॉपला गेले. सहाशेला तयार आहे म्हटलं. म्हणाले, जागा भरली बाई, मार्चमध्येच.

रविवार, १५ एप्रिल. सकाळी १०.४०.

पत्राचा मसुदा. चौथा. पहिल्या तिन्हींत त्याने काय केलं ते लिहिलं होतं.

श्री. श्यामकांत साळगावकर यांस,

१. माझे दोन हप्ते धोंडिरामच्या पगारातून गेले. ते तुमच्या पगारातून जावेत म्हणून मी भरले नाहीत.

२. त्यांचे तीनशे रुपये मला तीस तारखेच्या आत द्यायचे आहेत.

३. तुमच्याकडे बाहेरचं ट्रेसिंगचं काम असतं असं कळलं. शीटला सहा रुपये धरले तर पन्नास शीट होतात. रोज चार करू शकते. तुमचं स्वतःचं काम कमी होणार असेल तर तसं सांगावं, मी दुसरीकडे बघेन.

काम देता येईल की नाही, ते बुधवार, १८ एप्रिलपर्यंत कळवावं, ही विनंती.

अनुपमा परुळेकर