अंतर, मीटरमध्ये

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळी सव्वासातच्या बसने बेळगावहून निघालो. नऊला निपाणी. स्टँडवर यल्लाप्पा मोटारसायकल घेऊन आला होता. हा आमचा नावाडी. वाटेत त्याने विचारलं, सर, तुमी पोहताय काय? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग बरं हाय, पोहणारी माणसं नावंत लई नाचत्यात. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

दूधगंगेच्या काठावर मालूबाईंच्या घराची मागची खोली मिळाली आहे. शहाबादी फरशी, शेगडी, नदीकडे एक खिडकी. मालूबाईंनी आल्याआल्या गरम भाकरी आणि मेथीची भाजी दिली. कमी खाल्लं म्हणून त्या रागावल्या, बेळगावची माणसं काय वारा खाऊन जगत्यात काय, म्हणाल्या.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं साहाय्यक आहे. नदीतली पाणमांजरं, मगरी आणि कासवं मोजायला सहा आठवड्यांसाठी एक माणूस हवा, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांना नवल वाटलं. कारण कुणी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

या कामाच्या प्रमुख तेजस्वी मॅडम. वय तिशीच्या आत. कारवारला चार वर्षं त्यांनी बोटीतून डॉल्फिन मोजले. तीच पद्धत इथे वापरायची आहे.

पद्धत अशी. एक माणूस नावेच्या पुढच्या फळीवर बसतो, तो समोर आणि दोन्ही बाजूंना बघतो. दुसरा मागच्या फळीवर, तो दोन्ही बाजू आणि मागे. मध्ये नावाडी, मागे तोंड करून वल्ही मारतो. दोघांनी आपापल्या तक्त्यात लिहायचं : वेळ, प्राणी, अंतर मीटरमध्ये, किती वेळ पाण्याखाली राहिला. संध्याकाळी तक्ते जुळवायचे. एकाला दिसलेलं दुसऱ्याच्या नजरेतून किती वेळा सुटलं, त्यावरून न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज निघतो. नियम दोन. काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं नाही. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मागचं मागचा बघेल.

पुढची फळी माझी. अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावून बटण दाबलं की आकडा दिसतो. सोपं आहे.

आणखी एक रीत त्यांनी सांगितली. एखादा प्राणी खुणेवरून ओळखता आला आणि तीनदा दिसला, की ज्याने तो आधी पाहिला त्याने त्याला नाव द्यायचं. ते रजिस्टरात चढतं. कारवारला फाटक्या पराची एक डॉल्फिन होती, ती बाकीच्यांना हुसकावायची. तिचं नाव आक्का. यल्लाप्पा म्हणाला, आमच्या थोरल्या भनीला कारवारला कवा नेलतं?

२१ नोव्हेंबर

बंधाऱ्याच्या वर खडकावर पाणमांजरांचं सात जणांचं कुटुंब दिसलं. दोन मगरी. कासवं एकवीस. यल्लाप्पाला पाणमांजरांचं कौतुक नाही. त्यांना तो ऊद म्हणतो. ऊद जाळी फाडत्यात, मासा आमचा खात्यात आणि फोटो त्येंचा निघतोय, म्हणाला.

८.१० ला पंपघराच्या खाली, डाव्या काठाजवळ एकच डोकं वर आलं. अंतर १८०. पाण्याखाली चार मिनिटं. मॅडमच्या तक्त्यात ते नाही. त्या म्हणाल्या, काका, म्हणून तर दोन माणसं ठेवतो.

मला काका म्हणू लागल्या आहेत. चांगलं वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

तीच जागा, तीच वेळ. अंतर ११०. पाण्याखाली अकरा मिनिटं. मॅडम म्हणाल्या, घड्याळ तपासा काका, कुठलंच पाणमांजर इतका वेळ श्वास धरत नाही. घड्याळ बरोबर आहे.

डोकं गोल आणि काळं. कान दिसले नाहीत. खूण : कपाळापासून मागे सरळ पांढरट रेघ.

पंपघराच्या पुढे लतिकाच्या माहेरचा घाट आहे. मागच्या डिसेंबरात तिच्या अस्थी मी तिथेच सोडल्या. मी इथे आलो तो त्यासाठी. मॅडमना सांगितलेलं नाही. यल्लाप्पाला सांगायला लागलं नाही, त्या दिवशी नाव त्याचीच होती. स्टँडवर त्याने मला ओळखलं होतं, पण ओळख दाखवली नाही.

लतिकाला पाण्याची फार भीती होती. माहेरची नदी असूनही घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली ती कधी उतरली नाही. अस्थी सोडताना मनात आलं होतं, जिला पाण्याचं भय, तिला मी पाण्यातच सोडतो आहे. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

२७ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा. अंतर ६०. वर आलं, नावेकडे बघत राहिलं, गेलं. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

संध्याकाळी मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. नाव द्या काका. मी लतिका लिहिलं. विचार केला नव्हता. हात गेला.

त्यांनी वाचून छान आहे म्हटलं. त्यांना माझ्या बायकोचं नाव माहीत नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी नाव सुटताना मॅडमनी मोठ्याने म्हटलं, बघू आज लतिका येते का. यल्लाप्पाची वल्ही थांबली. पंपघरापाशी आज काही दिसलं नाही.

परत आल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. त्यांच्या घरात मेलेल्या माणसाचं नाव वर्ष होईपर्यंत पाण्यावर घेत नाहीत. का, ते त्याच्या बापाने सांगितलं होतं. हाक मारली की कोणतरी येतंय सर, पर जेला हाक मारली तेच येतंय असं न्हाय. पाण्यात लई जणं हाईत, आणि नाव एकालाबी न्हाय.

मी शिकलेला माणूस आहे. मी ऐकून घेतलं.

वर्षश्राद्ध नऊ तारखेला आहे.

३० नोव्हेंबर

अंतर २५. पाण्याखाली किती वेळ ते मोजता आलं नाही. ते खाली गेलंच नाही. नाव पुढे जाईपर्यंत बघत होतं.

डोळे तिचे, असं लिहिणार होतो. नीट लिहितो. डोळे माणसाचे. पापणी हलत नाही. पांढरी रेघ म्हणजे केसांतला भांग आहे.

तक्ते जुळवताना मॅडमनी चारही दिवसांचे कागद शेजारी शेजारी मांडले. त्यांच्या तक्त्यात ते डोकं एकदाही नाही. पण शेऱ्यात चारही दिवशी ८.१० ला एकच गोष्ट आहे : डाव्या काठावरचे सगळे पाणकावळे एकदम उडाले. त्यांनी विचारलं, काका, तुम्हाला नक्की काय दिसतं? मी पाणमांजर म्हणालो. तक्त्यात मी खोटं कधी लिहिलं नव्हतं.

त्या उद्या धारवाडला जाणार, गुरुवारी परत. तोवर मोजणी बंद.

२ डिसेंबर

यल्लाप्पा आपणहून आला. म्हणाला, चला सर, दिल्यालं नाव परत घिऊन या. त्याच जागी उभं राहून सांगायचं, हे नाव तुझं न्हवं. एवढंच. वैनींना तर सुटू द्या.

सकाळी आठला आम्ही दोघंच. धुकं होतं. मी पुढच्या फळीवर. मागची रिकामी.

डोकं आलं, नऊ मीटरवर. केस पाण्यावर पसरले होते. चार शब्द बोलायचे होते. पाठ केले होते.

तिची हनुवटी पाण्यात होती. हिला भीती वाटत असेल, एवढंच मनात आलं.

मी लतिका म्हणालो. ये म्हणालो.

डोकं खाली गेलं. थोड्या वेळाने नाव मागून खचली, कुणी बसल्यासारखी. माझी फळी वर उचलली गेली. यल्लाप्पाचं तोंड मागच्या फळीकडे होतं.  वल्ही एकदम जोरात चालू लागली. मी मागे बघितलं नाही.

काठावर उतरल्यावर त्याचे दात वाजत होते. म्हणाला, डोळं मिटून वल्हं मारलंय सर. तुमीबी बघू नगा. आता मला बोलवू नगा. वल्ही खांद्यावर टाकून गेला. नाव तशीच सोडून.

३ डिसेंबर

फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. दारापासून माझ्या खाटेच्या पायापर्यंत. परत गेलेले ठसे नाहीत.

मालूबाईंनी पुसून काढले. सर, अंग पुसून आत येत जावा, म्हणाल्या. मी अंघोळ केलेली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बाराच्या गाडीनं बेळगावला जावा म्हणाल्या.

बॅग भरली. गेलो नाही. एकदा तिला पाण्यात सोडून गेलो आहे.

संध्याकाळी पाठीमागे ओल्या लुगड्याचा वास. गाळाचा. मी बोललो. घरचं सगळं सांगितलं, नळ दुरुस्त केला, तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. बरं वाटलं.

४ डिसेंबर

मालूबाई चिकोडीला लेकीकडे गेल्या. जाताना माझ्या खोलीच्या दारात आल्या नाहीत. अंगणातूनच म्हणाल्या, किल्ली दगडाखाली ठेवा आणि जावा, अण्णा.

दिवसभर ती पाठीमागे. मी कूस बदलली की तीही —

दुपारी एक गोष्ट ध्यानात आली. लिहून ठेवतो.

लतिका पाण्याला भ्यायची. पावसात अंगणातसुद्धा यायची नाही. आणि ही ओलीच बसते. निवांत. पाण्याचं तिला काहीच वाटत नाही.

मग ही —

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळ

मॅडम दुपारी येतील. त्याआधी खात्री करायची आहे.

लतिकाला चौदा वर्षं मधुमेह. गोड चहा तोंडाला लावत नसे. लग्नकार्यात दिला तरी तसाच परत. आणि प्यायची ती बशीतून.

दोन चहा केले. एक बिनसाखरेचा, कपबशीत. एक साखरेचा, स्टीलच्या पेल्यात. दोन्ही पाठीमागे फरशीवर ठेवले. न बघता, हात मागे करून. हाताला गार लागलं.

बशी वाजली तर ती आहे. मग मी कुठेही जाणार नाही. पेला वाजला तर —

तोंड खिडकीकडे. नदीवर धुकं आहे. मागचं मागचा बघेल.

८.०४. काही नाही.

८.०७. श्वास नाही. वास आहे.

अंतर : एक मीटर. अंदाजे.

८.१०. बाहेरचे पाणकावळे उडाले. सगळे.

फरशीवर आवाज झाला —

बशी नाही.

पेला. उचलला. पितंय. घटघट — सगळा —

लतिका, तू नाहीस. तू सुटलीस. मी कुणाला —

पेला खाली ठेवला. माझ्या शेजारी. रिकामा.

मागे बघायचं नाही.

माझ्यासमोर शेगडीवर पातेल्यात अजून चहा आहे. पेला फरशीवर मागे सरकतोय, पुढे सरकतोय. मागतंय. गाळणी घेतली. पेल्यावर ठेवली. साखर दोन चमचे घातली आणि एका हाताने गाळतो आहे, दुसऱ्याने लिहितो आहे, मान मागे वळू नये म्हणून