जुईलीच्या गोष्टीखाली

महाळुंगे,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्ञानदा,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना टाळ. आम्ही इकडे ठीक. समोर आणखी एक टॉवर उभा राहतोय, त्यामुळे डोंगराचा उरलासुरला तुकडाही दिसेनासा झाला. टँकर रोज येतो, पाणी काही पुरत नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, सध्या काय लिहितेस?" आणि मी ऑफिसच्या कामाचं सांगत सुटले. खरं सांगितलं असतं तर तू लगेच तुझ्या भाऊजींची बाजू घेतली असतीस. म्हणून हे पत्र.

निषाद पुस्तकवेड्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर आहे. तिथे जुईली नावाची एक बाई गोष्टी टाकते. राहते भरे गावात, पिरंगुटला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिच्या प्रत्येक गोष्टीखाली निषादची कॉमेंट असते. नुसतं 'छान' नाही, चांगली परिच्छेदभर. कुठलं वाक्य मनात राहिलं, कुठे थांबून परत वाचलं. आणि शेवटी ठरलेलं, 'लिहीत राहा.' घरात हाच माणूस भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाही, मुकाट्याने वरून घेतो.

मी त्या कॉमेंट वाचायचे. जेवताना, मीटिंग चालू असताना, लिफ्टची वाट बघताना. गोष्टी मात्र वाचत नव्हते.

गेल्या आठवड्यात एक वाचली. जमीन विकल्यावरही एक सासू रोज जुन्या शेतात जाते आणि बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणाकडेचं गवत उपटत बसते, अशी. चांगली होती. म्हणून मी खाली लिहिलं, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावं. हाय आणि न्हाईने कथा होत नाही.'

अ‍ॅडमिनने माझी कॉमेंट काढून टाकली. वर मला मेसेज केला, 'ताई, उणिवा जरूर दाखवा, पण कुणाची बोली काढायची नाही, असा आपल्याकडे नियम आहे.' कॉलेजच्या अंकात जिची कथा पहिली छापायचे, तिला आता कसं बोलावं ते शिकवतात.

संध्याकाळी जुईलीचा मेसेज आला. मला वाटलं, भांडेल. तिने लिहिलं होतं, 'ताई, तुमचं वाचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पन निषादसर म्हनत व्हते, तुमी लई भारी लिवायच्या. पुढची गोष्ट टाकायच्या आदी तुमाला दावू का?'

मी निषादला स्वयंपाकघरात गाठलं. "तिला माझं कौतुक सांगतोस. मला कधी म्हणालास, लिहीत राहा म्हणून?"

तो ओटा पुसत होता. "म्हणायचो की. तू म्हणालीस, टेबल आलं की लिहीन. टेबल आलं. मग म्हणालीस, सायली शाळेत जायला लागली की. ती आता सहावीत आहे, हेमा."

"मग विचारायचं का सोडलंस?"

"तुला राग यायचा."

तो खरं बोलत होता, त्याचा आणखीनच राग आला. त्या दोघांत तसलं काही नाही, ज्ञानदा. असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं. निदान भांडायला कारण मिळालं असतं.

आज बापलेक सकाळीच पोहायला गेलेत. घर रिकामं बघून मी कथा लिहायला बसले, आणि तुला पत्र लिहीत सुटले.

जुईलीला मी 'पाठव' एवढंच कळवलं होतं. तिची गोष्ट कालच आली. अजून उघडलेली नाही. वाईट असली तर मी तिला एकेक ओळ समजावून सांगेन, अगदी मनापासून. चांगली असली तर काय करायचं, ते मला कळत नाही.

यातलं आईला काही बोलू नकोस. ती अजून लोकांना सांगते, आमची थोरली लिहिते म्हणून.

तुझी,
हेमाताई