डब्यांच्या दोन ओळी

१२ जून १९६१
आज भूगोल बाजूला ठेवला. वर्गाला विचारलं, भातावर काय ओतता? सारू, रसम, आमटी, सालन. फळा भरला. आमची नीलू माझ्याच वर्गात. ती 'आमटी' ओरडली तर पोरं खो खो हसली. ठरलं, उद्यापासून डबे गोल बसून खायचे, ज्याने त्याने आपल्या घरचं नाव सांगायचं.

१५ जून
एका वडिलांची तक्रार. वर्गातल्या झैनबचा डबा त्यांच्या मुलाच्या डब्याला लागला म्हणे. हेडमास्तरांचा हुकूम: शाकाहारी एका ओळीत, बाकीचे दुसऱ्या. वर मला, "टीचर, तुम्ही अजून टेंपररी. पक्कं व्हायचंय ना? सरी?"
सरी म्हणजे कानडीत ठीक. ठीक कसलं! अस्सा संताप आला.

१६ जून
दुसऱ्या ओळीत झैनब, फिलोमिना, कूर्गचा पोन्नप्पा. बस्स. पोळीभाजीचा डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. सगळी शाळा बघतेय, बघू दे.
नीलू पहिल्या ओळीतून उठली. वाटलं माझ्याकडे येणार. गेली थेट झैनबपुढे. "माझ्याकडे भेंडी आहे. तुमच्या ओळीत चालेल?"
झैनब सरकली.

१८ जून
नीलूने घरी सगळं सांगितलं. सासूबाई भडकल्या. "कमल, शाळेत शिकवायला जातेस की बाटवायला?" ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी विचारलंच, "कारखान्याच्या कँटीनमध्ये तुमच्या शेजारी कोण कोण बसतं?"
"तिथलं वेगळं."
मग मीही सांगून टाकलं, पुढच्या रविवारी नीलूच्या वाढदिवसाला झैनब येणार.
सा.बा.: "ती आली की मी बेळगावला."
खुशाल.

२२ जून
हे.मा. म्हणतात, पहिल्या ओळीत बसेन असं लिहून द्या, नाहीतर जुलैपासून येऊ नका. सोमवारपर्यंत मुदत. नोकरी गेली तर... जाऊ दे. दुसरी ओळ आता बरीच लांबलीय. हुकूम त्यांचाच, पोरं आपली आपण सरकतात.

२५ जून
पोरं हात धुताहेत तोवर चार ओळी.
पानं एकाच पंगतीत मांडली. सा.बा. खरंच ट्रंक घेऊन बाहेर पायरीवर. यशवंतपूरला गाडी गाठायला जटका, म्हणजे इथला टांगा, बोलावलेला. तेवढ्यात झैनब आली, मागे तिची आई. सा.बा. काही बोलतील म्हणून मी दारात घट्ट उभी. आईने ट्रंक पाहिली. "ऊरिगा, अज्जी?" गावाला निघालात?
सा.बा. बेळगावकडच्या, कन्नड ऐकलं की गप्प राहवत नाही. "हूं, ऊरिगे."
"पोरीचा वाढदिवस सोडून?"
सा.बा. पायरीवरच टेकल्या.
झैनबला आत घेतलं. त्या दोघी अजून पायरीवर. जटकेवाला हाका मारतोय. हे मला खुणा करताहेत, आईची ट्रंक आत घे म्हणून.
मी हात लावणार नाही. आत आणायलाही नाही, जटक्यात चढवायलाही नाही.