वरच्या खोलीबाबत झालेला, पण सांगता न येणारा निर्णय

प्रति,
मा. माहिती अधिकारी,
मंत्रिमंडळ कक्ष, दुसरा मजला,
लिफ्टशेजारची खोली (लिफ्ट बंद असल्यास जिन्याशेजारची).

विषय : सरकारने वचन दिलेला फलक कोरा असल्याबाबत व त्यापायी अर्जदारास जिन्याखाली झोपावे लागत असल्याबाबत.

संदर्भ : १) आपले लेखी उत्तर. २) याच विषयावर परवा जेवताना आपण काढलेला "हं".

महोदय,

आपण अर्जदाराचे सख्खे मामा आहात आणि सध्या त्याच्याच घरी मुक्कामास आहात, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. तरीही लेखी अर्ज करण्याची वेळ आली. कारण हा विषय घरी काढला की आपण "ऑफिसचं ऑफिसात" म्हणता आणि ऑफिसात काढला की "घरचं घरी" म्हणता. दोन्हींच्या मधल्या रस्त्यात गाठले तर आपण बसमागे धावू लागता. बस नसली तरी.

१. सरकार निवडून आले तेव्हा त्याने भर सभेत वचन दिले होते की, यापुढे बंद दाराआड काही राहणार नाही, मंत्रिमंडळाचा प्रत्येक निर्णय महिन्याभरात चौकातल्या फलकावर लागेल. फलक लागला. अर्जदार काचकाम करतो, त्यामुळे फलकाची काच त्यानेच बसवली आणि बसवताना त्याची छाती थोडी फुगलीही होती. मात्र आजतागायत त्या काचेआड एक चिटोरेही लागलेले नाही. मागे काळे कापड असल्याने काचेचा उत्तम आरसा होतो व नागरिक येता-जाता तिथे भांग पाडतात. सरकारने काहीच सुधारले नाही असे म्हणता येणार नाही. लोकांचे केस सुधारले आहेत. आपणही रोज तिथे मिशी नीट करता, हे अर्जदाराने पाहिले आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

२. फलक कोरा का, अशी विचारणा अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे रीतसर केली. आपण उत्तर दिले : "निर्णय जाहीर करण्याबाबतचा विषय मंत्रिमंडळापुढे होता. मंत्रिमंडळातील चर्चा गोपनीय असते. सबब, जाहीर करण्याचे ठरले किंवा कसे, हे जाहीर करता येत नाही." किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसा हा प्रकार झाला. अर्जदाराने ते उत्तर संतापाने घरी आणले आणि सर्वांना दिसावे म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवले. ही अर्जदाराची आयुष्यातील सर्वांत मोठी चूक होय.

३. आईने ते वाचले. अर्जदाराची अपेक्षा होती की ती सरकारला चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "बघा, किती सभ्यपणे गप्प बसवलंय! आपण उगीच इतकी वर्षं ओरडत आलो." दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने तिला वरच्या खोलीची आठवण करून दिली. ताई सासरी गेली की खोली तुझी, असे वचन तिनेच बाबांच्या देखत दिले होते. ताई गेली. अर्जदाराने गादी गुंडाळली. तेवढ्यात तिकडे आपल्या घराच्या छपराचे काम निघाले व आपण चार दिवसांसाठी आलात. छपराला चार दिवस कसले, चार ऋतू पुरले नाहीत. तर आठवण करून देताच आई म्हणाली, "तो विषय मंत्रिमंडळापुढे आहे."

४. सदर मंत्रिमंडळ स्वयंपाकघरात भरते. आई प्रमुख आहे. बाबांकडे उरलेली सर्व खाती, म्हणजे पिशव्या, आहेत. घरातील एक ज्येष्ठ महिला सदस्य आहेत आणि कामकाज कसे चालवावे हे ठाऊक असल्याने आपण सचिव आहात. आतले बोलणे बाहेर जाऊ नये म्हणून मिक्सर रिकामा फिरवला जातो. तो आता जळका वास मारतो, परंतु कोणामुळे हे विचारता येत नाही, कारण जबाबदारी सामूहिक आहे. भाजी खारट झाली तीही सामूहिक. आज जेवायला काय, असे विचारले तर "योग्य वेळी ताटात जाहीर होईल" असे उत्तर मिळते. बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळी गल्ली जाणते; बिचारे हल्ली अर्जदार दिसला की तोंडात पाणी धरून फिरतात.

५. दरम्यान अर्जदार जिन्याखाली झोपतो, कारण बैठकीतला दिवाण पाहुण्यांसाठी राखीव आहे. त्याचे डोके तिसऱ्या पायरीखाली येते. आपण पाणी प्यायला उतरता तेव्हा पायरीची धूळ नेमकी त्याच्या नाकात पडते. झोप अशी झाल्यावर दुकानात दोन काचा आखूड कापल्या गेल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "बाळा, काच मापाने कापतात, जांभईने नाही. तिसरी चुकली तर उद्यापासून येऊ नकोस." त्या थट्टा करत नाहीत. तेव्हा हा प्रश्न निव्वळ गादीचा नसून अर्जदाराच्या पोटाचा आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

६. गेल्या बुधवारी मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्यानंतर एक ज्येष्ठ सदस्य (नाव गोपनीय, घरात ज्येष्ठ एकच आहे) जिन्याखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "मी काही सांगायची नाही हं!" त्यांना कमी ऐकू येत असल्याने त्यांची कुजबुज पलीकडच्या इमारतीतही ऐकू जाते. पुढचे वाक्य असे : "खोली तुलाच दिली रे! तुझा मामा दिवाणावर जाणार!" पलीकडच्या दोन खिडक्यांतून टाळ्या आल्या. गोपनीयतेचा भंग झाल्याचा ठपका येताच या सदस्या म्हणाल्या, "मला मेलीला ऐकूच येत नाही, मी काय फोडणार?"

७. अर्जदार गादी घेऊन वर गेला, तर आपण दारात उभे. "कोणी सांगितलं?" असे विचारलेत. नाव घ्यावे तर आजीचे, म्हणजे त्या ज्येष्ठ सदस्यांचे, मंत्रिपद जाते. न घ्यावे तर निर्णयाला पुरावा नाही. मग आपण जे म्हणालात ते अर्जदार विसरू शकत नाही : "निर्णय झाला असेल. नसेलही. झाला असेल, तर तो जाहीर झाल्याशिवाय लागू होत नाही, आणि गोपनीय असल्याने जाहीर होत नाही. माझी स्वतःची काही हरकत नाही रे, पण पद्धत आहे." एवढे बोलून आपण आत जाऊन आतून कडी लावलीत. ती कडी, मामा, अर्जदाराने बसवलेली आहे.

८. त्या बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसून अर्जदाराच्या मनात एक विचार आला. जे वरच्या खोलीचे झाले, तेच फलकाचे झाले नसेल कशावरून? कदाचित मंत्रिमंडळाने केव्हाच ठरवले असेल की सगळे खुले करायचे. सगळ्या मंत्र्यांना ते मनापासून कबूल असेल. आणि तोंडात पाणी धरून हिंडत असतील.

९. तरी अर्जदाराची विनंती एवढीच की, आपण कोणतीही चर्चा उघड करू नये. कोण काय म्हणाले, मिक्सर कोणी जाळला, अर्जदारास काही नको. दिलेला शब्द तेवढा पाळावा. फलकावर पहिला कागद लावावा. आणि घरच्या निर्णयाविषयी चकार शब्द न काढता, कोणाचे लक्ष नसताना, आपण फक्त दिवाणावर येऊन घोरावे. घोरणे गोपनीय नाही, ते आधीपासूनच जाहीर आहे.

आपला नम्र, भाचेपणाने बांधलेला,
अर्जदार
(जिन्याखालचा पत्ता; टपाल पायरीवर ठेवावे)

दिनांक : रविवार, आपण आंघोळीला गेल्यावर.

सोबत : १) आपल्या उत्तराची प्रत, भाजीच्या डागासह. २) आखूड कापलेली काच. ३) आपली उशी. ही अर्जासोबत पाठवलेली नसून दिवाणावर ठेवली आहे.

ता. क. : काच चौकटीतून कशी काढतात आणि परत कशी बसवतात हे अर्जदारास ठाऊक असल्याने, या अर्जाची एक प्रत त्याने आज सकाळीच चौकातल्या फलकात लावली. अशा रीतीने फलक सुरू झाला असून सरकारचे निम्मे वचन पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. तिथे गर्दी आहे. भांग पाडायला आलेले लोक विस्कटल्या केसांनी वाचत उभे आहेत. ज्यांनी चष्मा आणला नाही त्यांना आजी मोठ्याने वाचून दाखवत आहे. सहाव्या मुद्द्याशी ती थांबली आणि म्हणाली, "कोण गं बाई ही? मोठी धीट दिसते!" शेजारी बाबा उभे होते. त्यांनी तोंडातले पाणी गिळले आणि हसत सुटले. आईने घरी येऊन फक्त दिवाणावर स्वच्छ चादर घातली.