ऑगस्टचा खोडलेला ठिपका

मी, अनुसूया त्रिविक्रम राव, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार येलहंका, बेंगळूरु, माझ्या पश्चात काय कुणाकडे जावे ते पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. रक्तदाबाची गोळी सोडली तर माझ्यावर कशाचाही अंमल नाही. दबाव म्हणाल तर तो आजवर कुणाला टाकता आलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी भाची रम्या, म्हणजे भाऊ गिरीधर याची मुलगी, हिला मिळावी. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. तिला माझा राग आला की ती तोंडावर सांगते, एवढे कारण मला पुरेसे आहे.

२. वडिलांची आरामखुर्ची गिरीधरला. ती त्याने सहा वर्षांपूर्वी न विचारता होसकोट्याच्या आपल्या कारखान्यात नेलीच आहे. आता ती रीतसर त्याची झाली, निदान पाय हलतो तो दुरुस्त करून घ्यावा.

३. सूक्ष्मदर्शक जवळच्या सरकारी शाळेला. मुलांनी हात लावावा म्हणून देते आहे, कपाटात कुलपाआड ठेवायला नव्हे.

४. देवघराखालच्या फडताळात एक तपकिरी बाटली आहे. तिच्यावर ‘कारवार, ऑगस्ट १९९८’ अशी चिठ्ठी आहे आणि आत टिकण्यासाठी आयोडीन घातलेले समुद्राचे पाणी. गिरीधर कित्येक वर्षे म्हणतो, “अक्का, ती बाटली फेक की, स्वल्प वास येतो.” येतो खरा. पण ती मला फेकवली नाही, आणि का ते इथे लिहिणे भाग आहे.

किनाऱ्याजवळच्या पाण्यातले क्षार आणि वनस्पती प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी तरंगती वनस्पती, ऋतूंप्रमाणे कसे वाढतात-घटतात हे मोजणे माझे काम. मी प्रयोगशाळेत बेंगळूरुला, समुद्र कारवारला. पाणी आणून द्यायचा म्हाबळू हरिकंत्र, तिथला होडीवाला. पावसाळ्यात सगळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या असत. ऑगस्टचा नमुना हवा म्हणून मीच हट्ट धरला आणि तो त्या लाटांत गेला. बर्फाच्या पेटीत दोन बाटल्या आल्या: प्लवकासाठी ही तपकिरी, क्षारांसाठी दुसरी. नायट्रेट हा क्षार माझ्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाला. एवढा तो शेतातले खत वाहून आणणाऱ्या नदीच्या पाण्यातच असतो, असा माझा समज.

मी फोन करून विचारले, “नदीच्या मुखाशीच भरून आणलेस ना?”

तो म्हणाला, “ना गो बाय. नदीचें न्हय. उदक खूब थंड लागलें हाताक.”

त्या हाताचे मी ऐकले नाही. थर्मामीटर मी त्याला दिलाच नव्हता, फोडेल म्हणून. दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याचा खारटपणा मोजला असता तर अर्ध्या तासात नदी की समुद्र ते कळले असते. ते पाणी मी बेसिनमध्ये ओतले. आलेखावरचा ऑगस्टचा ठिपका खोडला, मे ते ऑक्टोबर सरळ रेघ ओढली आणि ‘हा माणूस नमुने खोटे देतो’ असे पत्र वर पाठवले. त्याचे काम गेले. बंदरावर त्याला खोटो म्हाबळू म्हणू लागले.

निवृत्त झाल्यावर, २०१४ साली, प्रयोगशाळेतले टेबल आवरताना ही बाटली हाती आली. तिच्यातल्या वनस्पतींचे कवच काचेसारखे असते, ते टिकते. मी दोन दिवस मोजत बसले. सगळी समुद्रातली, एकही नदीतली नाही. पावसाळ्यात खोलातले थंड पाणी वर येते, क्षार घेऊन येते आणि प्लवक उसळते. हे तोवर मीही व्याख्यानांत सांगत होते. म्हाबळूच्या हाताला ते आधीच कळले होते.

त्याला अकरा वर्षे झाली. मी कुणालाही सांगितले नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा माझे नाव मला जास्त प्यारे होते.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर रम्याने ही बाटली आणि माझा कबुलीजबाब घेऊन कारवारला जावे आणि तो बंदरावर सर्वांसमोर वाचावा.~~

कलम पाच मी आज माझ्या हाताने खोडले आहे. रम्याने कच्चा मसुदा वाचला आणि विचारले, “आत्या, तो तुझ्या आधी गेला तर?” म्हाबळू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. मेल्यावर खरे बोलायची मी सोय करून ठेवत होते.

रम्या म्हणते, गणपती होऊ दे, मग जा. मी अकरा वर्षे असेच काहीतरी होऊ देते आहे. सोमवारच्या कारवार बसचे तिकीट काढले आहे. बाटली आणि कबुलीजबाब मी स्वतः नेते. बंदरावर वाचेन. त्याने दार लावून घेतले तर दाराबाहेर वाचेन.

ठिकाण: येलहंका, बेंगळूरु
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५

सही: अनुसूया त्रिविक्रम राव

वरील सही आणि कलम पाचची खोडाखोड आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. खोडताना बाईंचा हात थांबला नाही.

साक्षीदार: १. प्रदीपकुमार, शेजारी
२. श्रीविद्या, डॉक्टर