गल्लीची हरकत

४ जून

चि. चिंगीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. मेहुण्यांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, सिगारेट सुटली असेल तर आता परत शोधायला जाऊ नका. इकडे सगळं ठीक. बॉयलरला नवी झडप बसवली. तुझी वहिनी कंबर धरून इस्त्री करते आणि वर मलाच विश्रांती घ्या म्हणते.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण भिंतीला कान असतात तर तारेलाही असणारच. परवा गल्लीत एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. शहरात कुठे घरं असावीत, कुठे दुकानं, कुठे कारखाने, याचे नियम नव्यानं होणार आहेत म्हणे, त्यासाठी पाहणी. प्रत्येक दाराशी थांबून खाली काय चालतं, वर कोण राहतं, हे इतकं गोड बोलून विचारत होता की मी तेव्हाच ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय. तो शिंपीणकाकूंच्या दाराशी होता तेवढ्यात मी लॉन्ड्रीची पाटी उतरवली, शटर ओढलं आणि बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. इथे आम्ही फक्त राहतो, असं सांगितलं. गच्चीवर हॉस्पिटलच्या चादरी वाळत होत्या. तिकडे बघून त्यानं घरात माणसं किती असं विचारलं, तर मी म्हटलं की कुटुंब मोठं आहे.

आपली गल्ली कागदावर निव्वळ राहण्याची. लॉन्ड्री चालते ती दरवर्षीच्या तात्पुरत्या परवानगीवर, हे तुला ठाऊक आहे. समोरचे पेन्शनर आधीच वाफेच्या नावानं तक्रारी करतात. अशात आपण होऊन धंदा दाखवणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. तू नकाशांच्याच कचेरीत आहेस. तिथे काय शिजतंय ते खरंखरं लिही.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर आलं तर तो टिकेल.

तुझा दादा

१२ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. मोठ्या कुटुंबाचं वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या. मग जरा वेळानं हसू थांबलं.

दादा, त्या कामाबद्दल मला काही लिहिता येणार नाही. का, तेही विचारू नकोस. एवढं मात्र ऐक. कुणी परत विचारायला आलं तर खरं सांग. कुणी आलं नाही तर तूच नगरपालिकेत जा आणि लॉन्ड्री आहे म्हणून नोंदवून ये. पाटी परत लाव. खोट्यानं कुणाचं भलं झालंय?

वहिनीला म्हणावं, कमरेचं दुखणं अंगावर काढू नका. माया असू दे, रागावलास तरी.

तुझी चिंगी

३० जुलै

चि. चिंगीस,

आशीर्वाद. जरा रागातच, पण आशीर्वादच.

नव्या नियमांचा कच्चा नकाशा सभागृहात लावलाय. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्यात. टेबलावर पेन ठेवलंय, तेही दोरीनं बांधलेलं. पेनापुरताही जनतेवर विश्वास नाही, पण जनतेचं मत हवंय! नकाशात राहण्याची जागा पिवळी, दुकानांची निळी. आपली गल्ली आजवर साधी पिवळी होती, आता त्यावर निळे पट्टे मारलेत. मिश्र वापर म्हणे. खाली धंदा, वर घर, दोन्ही चालेल. तिथला कारकून मला समजावत होता की यात तुमचाच फायदा आहे.

ज्या कचेरीनं मला जन्मभर परवानगीच्या रांगेत उभं केलं, ती एकाएकी आयतं ताट वाढून आणते? बोकडालासुद्धा कापायच्या आधीच चारा घालतात. पट्टे आले की मागोमाग बिल्डर येणार, खाली काचांची शोरूम होणार आणि आम्ही गावाबाहेर. म्हणून मी गल्लीची बैठक घेतली. शिंपीणकाकू आल्या, क्लासवाल्या बाई आल्या, इतकंच काय, पेन्शनरही आले. मी सगळ्यांना बजावलं की जो कोणी हे चांगलं आहे म्हणेल, त्याला त्यातून काय मिळतंय ते आधी बघा. काकूंनी टाळ्या वाजवल्या. हरकतीवर सह्या सुरू झाल्यात.

आणि तू? लहानपणी बरणी फुटली तर गल्लीभर सांगत सुटणारी तू आता मूग गिळून बसतेस. लॉन्ड्री नोंदव म्हणतेस, का ते सांगत नाहीस. तुझं तोंड कुणी बंद केलं आणि कशानं, असा प्रश्न मला पडतो. पडू नये, पण पडतो.

दादा

११ ऑगस्ट

चिंगीवन्सं यांस,

स. न. वि. वि. यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला उशिरा कळलं. मनावर घेऊ नका. सध्या हे दूधवाल्याकडेही संशयानं बघतात. तो बिचारा नुसतं गुड मॉर्निंग म्हणाला, तर याला आज काय हवंय, असं मला विचारत होते.

पण वन्सं, मलाही रात्री झोप लागत नाही. ही लॉन्ड्री गेली तर या वयात आम्ही करायचं काय? खाली बॉयलर आणि वर चूल, म्हणून दोन्ही माझ्या हातून होतं. हरकतीवर मी अजून सही केलेली नाही, कंबर दुखते म्हणून टाळतेय. सहीला कंबर कशाला लागते, हे यांनी अजून विचारलं नाही. मला एका शब्दात कळवा, पट्टे चांगले की वाईट.

आपली वहिनी

१८ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. तो एक शब्द मला लिहिता येत नाही. तुमच्या शहराचं काम आमच्याकडे आलं तेव्हाच मी साहेबांना सांगितलं की तिथे माझ्या भावाचं घर आहे. त्यावर त्यांनी त्या गल्लीच्या निर्णयातून मला बाजूला केलं आणि नियम पक्के होईपर्यंत घरच्यांशी याबद्दल बोलणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं. तसं ते बरोबरच आहे. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी आपल्या माणसांची सोय लावली.

परक्या माणसाला सांगितलं असतं तेवढं सांगते. नकाशाशेजारी छापील मजकूर ठेवलेला असतो. दादाला रंग बघून परत येऊ नको म्हणावं, मजकूर वाच. तात्पुरत्या परवानग्यांबद्दलचं पान तर नक्की वाच. माझ्यावर रागाव म्हणावं, पण वाच.

तुमची चिंगी

२ ऑक्टोबर

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद, आणि आज पेढ्यांऐवजी बातमी. आपण जिंकलो!

परवा सुनावणी झाली. मी इस्त्रीचा कडक शर्ट घालून गेलो. लॉन्ड्रीवाल्यानं चुरगळलेलं जाऊन कसं चालेल? मागे सगळी गल्ली उभी. मी म्हटलं की आमची गल्ली राहण्याची आहे, राहण्याचीच ठेवा, आम्हाला तुमचे पट्टे नकोत. साहेब मान खाली घालून लिहीत होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे भाजीचा हिशेब लिहीत असतील. पण त्यांनी आमची हरकत शब्द न शब्द वाचून दाखवली आणि संपूर्ण गल्लीचं मत एक असल्यानं ती मान्य करतो म्हणाले. पेन्शनरांनी मला मिठी मारली. वाफेबद्दल अवाक्षर नाही.

तू वहिनीमार्फत मजकूर वाचायचा निरोप धाडलास. नकाशा ज्यांनी काढला त्यांनीच मजकूर लिहिलेला, तो वाचून काय होणार? चोराच्या हातचा पंचनामा. खरं सांगू, साहेब इतक्या सहज हो म्हणाले त्याचीही मला जरा शंका आली होती. पण जिंकल्यावर शंका कुठे काढत बसायची?

झालं गेलं विसर. वहिनी मात्र घरात गप्प असते. तिचं काय बिनसलंय कळत नाही.

दादा

१० नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. काल नियम छापून जाहीर झाले, म्हणून आता मला लिहिता येतंय. बसून वाच.

तात्पुरत्या परवानग्या यापुढे बंद. वर्षअखेरीनंतर कुणालाच नव्यानं मिळणार नाहीत. खाली धंदा आणि वर घर अशा ज्या जुन्या गल्ल्या आहेत, तिथल्या लोकांचं पोट यामुळे मारलं जाईल, असं मीच सुरुवातीला बैठकीत भांडून सांगितलं होतं. त्यातून ते पट्टे निघाले. आपली गल्ली त्यात धरायची की नाही, हे ठरताना मी खोलीबाहेर बसले होते. धरली हे कळल्यावर मी कॅन्टीनमध्ये एकटीनं चहा प्याले, कुणाला सांगायची सोय नव्हती.

पट्टे पुसले गेले तरी पाहणीत ज्यांची नोंद आहे त्यांचा धंदा तसाच चालू राहील. म्हणजे काकूंचं शिवणकाम राहील, बाईंचा क्लास राहील. तुझ्या घरापुढे लिहिलंय, फक्त राहतात, कुटुंब मोठं. ती नोंद आता बदलता येत नाही. ते पान मी जूनमध्येच पाहिलं होतं, दादा. तुझ्या पत्रानंतर चार दिवसांनी ते माझ्याच टेबलावर आलं.

एक वाट अजून उघडी आहे. गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांनी महिन्याच्या आत अर्ज केला, तर पट्टे परत मिळतात. ऊठ आणि सह्या गोळा कर. तुला ते छान जमतं.

तुझीच चिंगी

१० डिसेंबर

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. मुदत काल संपली. अर्ज गेला नाही.

दारोदार फिरलो. काकूंनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि मायेनं विचारलं की भाऊ, बिल्डरशी कितीला पटलं? क्लासवाल्या बाई म्हणाल्या की त्यांचा क्लास आहे तसा राहतोय, मग पट्टे परत मागायचे ते कुणासाठी? पेन्शनर म्हणाले, सप्टेंबरात एक आणि नोव्हेंबरात दुसरं बोलणारा माणूस मधल्या महिन्यात कुणाला तरी भेटलेला असतो. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

मग मी मूर्खपणा केला. बैठकीत सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, माझी सख्खी बहीण त्या कचेरीत आहे आणि हे पट्टे आपल्यासारख्यांसाठी तिनंच सुचवले होते. चिंगे, पेन्शनर उठले आणि म्हणाले, आता उलगडलं. भाऊ इथे, बहीण तिथे. त्यांनी तिथल्या तिथे तुझं नाव विचारलं. वर तक्रार करायची, चौकशी लावायची म्हणून. काकूंनी सह्यांसाठी मीच आणलेलं पेन त्यांच्या हातात दिलं.

मी सांगितलं की अशी बहीण मला नाही. सह्या मिळाव्यात म्हणून थाप मारली, बिल्डरनं मला पैसे कबूल केले होते. हे मात्र त्यांनी ताबडतोब मानलं. पेन्शनर तर म्हणाले की त्यांना पहिल्यापासून संशय होता. वहिनी दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि मला हाताला धरून घरी आणलं.

कारखान्यांच्या वस्तीत एक शेड बघितली आहे. बॉयलर पुढच्या आठवड्यात हलवतोय. वहिनीला दोन बस बदलाव्या लागतील. ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण बोलत नाही. गल्लीत कुणी नमस्कार करत नाही, तेही चालेल. तुझ्याबद्दल माझ्या मनात जे आलं आणि मी जे कागदावर लिहिलं, ते मात्र मला जेवू देत नाही. ते जुलैतलं पत्र फाडून टाक.

यापुढे तुला कचेरीच्या पत्त्यावर पत्र घालणार नाही. पाकिटावर माझं नावही लिहिणार नाही. अक्षरावरून ओळख.

तुझा दादा