टेंभी नाक्यावरची दोन मिनिटे

मी कलावती अनंत मढवी, वय एकाहत्तर, निवृत्त कामगार, राहणार वागळे इस्टेट, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणणारे माझ्या वाटेला जात नाहीत.

१. राहती खोली भाची समीक्षा हिला. मृत्युपत्र तिनेच अमलात आणावे.

२. सुमारे नऊशे पुस्तके वस्तीतल्या वाचनालयाला. वाचनालयवाले ती नगरसेवकाच्या हस्ते स्वीकारणार असतील, तर रद्दीवाल्याला.

३. दंगलीनंतर वस्तीत आम्ही वृंदगान सुरू केले. चर्चमध्ये गाणाऱ्या ह्युबर्टने भजनी मंडळातल्या तानाजीला शेजारी उभे करून शिकवले, की लांब सूर एकट्याने ओढायचा नाही. एकाने श्वास घेताना दुसऱ्याने धरायचा. चाळीस जण टेंभी नाक्यावर शांततेसाठी गायचो. गाणे संपले की सगळे दोन मिनिटे गप्प उभे राहायचे आणि ज्याने त्याने आपल्या मनात बघायचे.

मग पुढारी शिरले. आमचे गाणे त्यांच्या सभेआधीचा बँड झाले. एक चमचा म्हणाला, "बाई, ते गप्प राहणं जरा कट करा ना. साहेबांना डोंबिवलीला पोचायचंय." मला शिसारी आली. त्याच दिवशी, त्याच दोन मिनिटांत, मी माइक ओढला आणि ओरडले, "कसली शांतता? दंगलीत बेकरीवर दगड टाकणारा तानाजीचा मितेश इथेच उभा आहे!"

टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांपेक्षा त्या टाळ्यांची मला जास्त किळस येते, कारण तेव्हा त्या गोड लागल्या होत्या.

ही गोष्ट ह्युबर्टने मला एकटीला सांगितली होती. म्हणाला होता, "पोराला पस्तावा झालाय, बाई. त्याला गाण्यात घेऊया." मितेशने ते फक्त ह्युबर्टजवळ कबूल केले होते, म्हणून तानाजीला वाटले, ह्युबर्टनेच मला पुढे करून मुलाला उघडे पाडले. मितेश घर सोडून कल्याणला गेला. दोघा मित्रांचे बोलणे तुटले, वृंद मोडला. तो पुढाऱ्यांनी मोडला, असे अकरा वर्षे मी व्यासपीठांवरून सांगत आले. ते खोटे आहे. तो मी मोडला.

४. माझा माइक व भोंगा भंगारात द्यावा. चालू स्थितीत नको, फोडून.

५. शोकसभा नको. 'बुलंद आवाज हरपला' असा फलक घेऊन कोणी आलाच, तर समीक्षाने त्याला जिन्यावरूनच परत पाठवावे. गायचे असेल, तर ह्युबर्ट व तानाजी शेजारी उभे राहणार असतील तरच. नाहीतर मुकाट्याने न्या.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून या दोघांनाच साक्षीदार केले आहे. त्यांना देण्याजोगे माझ्याकडे काही नाही. वरचे कलम तीन त्यांच्यासमोर मोठ्याने वाचेन आणि मगच सही करीन.

ठिकाण: ठाणे
दिनांक: ११ जानेवारी २०२५

सही: कलावती अनंत मढवी

साक्षीदार:
१. ह्युबर्ट परेरा
२. तानाजी सखाराम शेलार

टीप, सह्यांनंतर हाताने लिहिलेली, मृत्युपत्राचा भाग नव्हे: वाचून झाल्यावर तानाजी म्हणाला, "कलाताई, अकरा वर्षं लागली तुम्हाला?" ह्युबर्टने सही केली आणि स्वतःचे पेन त्याच्याकडे सरकवले. तानाजीने त्याच पेनाने सही केली. मग दोघेही उठले नाहीत. दोन मिनिटे झाली असतील. मी बोलले नाही.